कार्ट्रिज की डिस्क? जुना कन्सोल घेण्याआधी

आधी एवढं ठरवा: डागडुजी गेमची करायची की मशीनची? कार्ट्रिज म्हणजे गेमची चिप असलेली प्लास्टिकची डबी. कार्ट्रिजवाल्या कन्सोलमध्ये गेम वाचायला काही फिरावं लागत नाही, म्हणून सुपर निन्टेन्डो किंवा मेगा ड्राइव्ह सहसा चालूच असतो. दुखणी निघतात ती कार्ट्रिजमध्ये. प्लेस्टेशनचं उलट. डिस्क जपली तर टिकते, आधी थकतो तो डिस्क वाचणारा लेझर.

जागेच्या बाबतीत स्पर्धाच नाही. निन्टेन्डो ६४ ची मोठ्यात मोठी कार्ट्रिज ६४ एमबीची, सीडीत साधारण ६५० एमबी. पण प्लेस्टेशनचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० केबीच वाचतो; २ एमबी मेमरी भरायला सातेक सेकंद जातात. कार्ट्रिज लावली की गेम सुरू.

कार्ट्रिज उचलत नसेल तर फुंकर मारू नका, ओलाव्याने पिना गंजतात. निन्टेन्डोच्या कार्ट्रिजला ३.८ मिमीचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो. ती उघडून ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवा, पिना पुसा, पूर्ण वाळू द्या. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

खरी कटकट कार्ट्रिजमधल्या सेव्हच्या (खेळ कुठवर आला त्या नोंदीच्या) बॅटरीची. ती संपली तरी गेम चालतो, सेव्ह मात्र राहत नाही. सुपर निन्टेन्डोत सहसा सीआर२०३२ प्रकारची असते, गेम बॉयमध्ये अनेकदा सीआर२०२५ किंवा सीआर१६१६. नवीन घेताना पत्र्याच्या पट्ट्या जोडलेलीच घ्या. नुसत्या सेलवर सोल्डर केलं तर उष्णतेने तो फुटू शकतो. बॅटरी काढताच जुना सेव्ह जातो, हेही धरून चला. प्लेस्टेशनच्या १२८ केबीच्या मेमरी कार्डला बॅटरीच नाही, ही डिस्कवाल्यांची मोठी सोय.

वापरलेली सीडी घेताना सगळे खालची बाजू बघतात. बघायची ती वरची, छापील. खालचे ओरखडे बऱ्याचदा पॉलिशने जातात; वरचा ओरखडा थेट चकाकत्या थरात उतरतो आणि त्यावर इलाज नाही. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

व्हिडिओ अडखळत असेल तर आधी लेन्स पुसा. सुरुवातीच्या प्लेस्टेशनमध्ये लेझर ज्या प्लास्टिकवर सरकतो ते झिजतं, म्हणून लोक मशीन चक्क उलटं ठेवून खेळत. लेझरची ताकद वाढवणारा बारीक स्क्रू फिरवायचा मोह टाळा. चार दिवस बरं चालतं, पण लेझर लवकर मरतो.

सोल्डरिंग येत असेल तर कार्ट्रिज बिनधास्त घ्या. येत नसेल आणि लांबलचक गेम खेळायचे असतील तर डिस्क, फक्त घेण्याआधी ड्राइव्ह अर्धा तास चालवून बघा. लेझरचं दुखणं कधी कधी मशीन तापल्यावरच दिसतं.