कंडेन्सर माइक आणि दोन इनपुटचा इंटरफेस: काही महिने घरी गिटार रेकॉर्ड केल्यावर

माझ्याकडे छोट्या डायफ्रामचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर माइक, म्हणजे वीज लागणारा संवेदनशील माइक, आणि दोन इनपुटचा साधा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या बहुतेक वस्तू थोड्याफार फरकाने अशाच वागतात. "आवाज कोंदट येतो, कुठला माइक घेऊ?" असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: आधी आहे तोच माइक वीतभर सरकवून बघा.

अकूस्टिक गिटारचा आवाज दबका वाटला की हात आपोआप ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण आवाज) वाढवायला जातो. त्याने तारांवर बोटं घासल्याची किरकिर आणि माइकची सळसळ वाढते, कोंदटपणा मात्र जागच्या जागी राहतो. बऱ्याचदा वरचा आवाज कमी पडलेलाच नसतो, २०० ते ४०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा लहान तितका स्वर खालचा) पट्ट्यात झालेल्या गर्दीखाली तो गाडला गेलेला असतो. तिथे तीनेक डेसिबल कमी करून पाहा, पिकचा टणत्कार लगेच वर येतो.

ही गर्दी कुठून येते ते ऐकायचं असेल तर माइक साउंडहोलसमोर (गिटारच्या पोटावरच्या गोल भोकासमोर) अगदी जवळ धरून आधी डी कॉर्ड वाजवा, मग जी. डी बऱ्यापैकी स्वच्छ येतो आणि जी वाजला की हेडफोनमध्ये ढुम्म! स्टीलच्या तारांच्या मोठ्या गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि जी कॉर्डमधला सगळ्यात खालचा स्वर ९८ हर्ट्झचा. त्यात कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा, माझा तसाच आहे) जितका जवळ न्याल तितका खर्ज फुगवतो. म्हणून माझा माइक आता कायम बाराव्या फ्रेटसमोर असतो, २०-२५ सेंटिमीटरवर, तोंड जरासं बॉडीकडे वळवलेलं. माइकवरचं ८० हर्ट्झचं लो-कट बटण (त्याखालचे आवाज कमी करणारं) चालू ठेवतो. सगळ्यात खालच्या मोकळ्या ई तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा आहे, त्यामुळे कामाचं फारसं काही जात नाही.

खोलीबद्दल थोडं सविस्तर, कारण सल्ल्यांचा सुळसुळाट इथेच आहे. भिंतींना पातळ फोम चिकटवा, गोधड्या टांगा वगैरे. पातळ फोम आणि कापड वरचे आवाज पितात. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, तिला दोन बोटं जाडीचा फोम काय अडवणार? वरचं शोषलं गेलं, खालचं घुमत राहिलं, म्हणजे खोली अजूनच कोंदट. मी कोपरा सोडून बसतो आणि समोरची उघडी भिंत जरा लांब ठेवतो, एवढ्यावर पुष्कळ भागतं. माइकसोबत आलेली स्पंजची टोपी घरात लागतच नाही, ती डब्यातच आहे.

इलेक्ट्रिक गिटार थेट इंटरफेसला जोडली तर प्रकरण वेगळं. तिथे इंटरफेसवरचं 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबलेलं हवंच. त्याने इनपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) साधारण एक मेगाओमवर जातो. तीच गिटार कमी इम्पिडन्सच्या लाइन इनपुटला लावली तर पॅसिव्ह पिकअपवर (तारांची कंपनं टिपणाऱ्या, बॅटरी नसलेल्या चुंबकी भागावर) ताण येतो आणि वरची चमक तिथेच मरते. नंतर कितीही इक्यू (वरचे-खालचे आवाज कमी-जास्त करायची सोय) फिरवा, ती पूर्ण परत येत नाही. लांबलचक केबलही हाच उद्योग करते, फक्त कमी प्रमाणात.

इंटरफेसबद्दल तक्रार म्हणाल तर गेन (सिग्नल वाढवायची खुंटी) शेवटच्या टप्प्यात गेला की सूं ऐकू येतं. पण २४ बिटवर रेकॉर्ड करताना सगळ्यात जोरदार फटका उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य म्हणजे कमाल मर्यादा) राहिला तरी पुरतो, त्यामुळे तिथवर जायची वेळ बोटांनी हळू वाजवतानाच येते. डायरेक्ट मॉनिटर, म्हणजे वाजवताना आपला आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये ऐकायची सोय, उत्तम. कंडेन्सर माइकला वीज पुरवणाऱ्या ४८ व्होल्ट फँटमचं बटण मात्र इतकं नाजूक जागी आहे की केबल काढताना दाबलं जातं. तारा जुन्या झाल्या असतील तर यातल्या कशाचाच उपयोग नाही, आधी त्या बदला.

एक सवय मात्र लावून घ्या. आवाज कोंदट ठरवण्याआधी ओळखीचं एखादं गिटारचं रेकॉर्डिंग त्याच हेडफोनवर, तितक्याच मोठ्या आवाजात ऐका. हळू लावलेलं काहीही पोकळ आणि मंद वाटतं. माझे बंद कपांचे हेडफोन मुळातच खर्ज वाढवून ऐकवतात, त्यामुळे त्यांच्यावर बसवलेला इक्यू स्पीकरवर पातळ वाजतो. हेडफोनसाठीचा ॲम्प दणकट असलेला इंटरफेस मिळाला तर आत्ताचा इंटरफेस बदलायचा विचार आहे. माइक बदलायचं कारण अजून सापडलेलं नाही.