आवरणाखाली दडलेला गाभा: प्रुसिकच्या दोरीत झालेली माझी फसवणूक

गिर्यारोहणाचा मुख्य दोर आपण सारे चौकसपणे निवडतो. प्रुसिकचे लूप (मुख्य दोराभोवती गुंडाळलेली, भार आला की घट्ट पकडणारी गाठ म्हणजे प्रुसिक) आणि अँकरची, म्हणजे दोर अडकवण्याच्या आधाराची, जोडणी यांसाठी लागणारी बारीक दोरी मात्र बहुधा व्यास आणि रंग पाहूनच घेतली जाते. माझी फसवणूक नेमकी याच ठिकाणी झाली. त्या दोरीचे काही लूप मी सोबत्यांच्या हाती दिले होते, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहिणे मला कर्तव्य वाटते.

मी विक्रेत्याकडून ६ मिलिमीटर व्यासाची २० मीटर दोरी मागवली. त्याआधी त्याने हातभर लांबीचा नमुना पाठवला होता. तो मी कापून, उसवून, जाळून पाहिला आणि तो खरोखरच नायलॉनचा निघाला. नंतर आलेल्या बंडलाचा रंग, वीण आणि जाडी त्या नमुन्याशी तंतोतंत जुळत होती आणि चिठ्ठीवर ‘नायलॉन, ७.२ किलोन्यूटन’ (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो वजनाचा भार) असे छापलेले होते, त्यामुळे बंडलाचे टोक मी उसवून पाहिले नाही. हा आकडा मला ओळखीचा होता. गिर्यारोहणाच्या साहाय्यक दोरीसाठी असलेल्या ईएन ५६४ या युरोपीय मानकानुसार व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याचा वर्ग करून त्याला ०.२ ने गुणले की किमान बळ किलोन्यूटनमध्ये मिळते. त्या हिशेबाने ५ मिलिमीटरला ५, ६ ला ७.२ आणि ७ ला ९.८ किलोन्यूटन येतात. आकडा बरोबर होता, पण त्याच्या शेजारी मानकाचा क्रमांक नव्हता आणि सीई या, युरोपीय नियमांची पूर्तता दाखवणाऱ्या खुणेपुढे तपासणी संस्थेचा जो चार अंकी क्रमांक असावा लागतो तोही नव्हता.

सरावाच्या वेळी मी जमिनीपासून फूटभर उंचीवर, दुसऱ्या दोराने सुरक्षित राहून, १० मिलिमीटरच्या दोरावर प्रुसिक घालून त्यावर पूर्ण भार दिला. गाठ पकडली, परंतु कॅराबिनरवरून, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवरून, वळणाऱ्या भागात दोरी अचानक लांबली आणि बाहेरचे विणलेले आवरण चुरगळून एका बाजूला गोळा झाले. मी खाली उतरून तो भाग चिमटीत धरला, तेव्हा आवरणाच्या आत पोकळी लागली. नेहमीप्रमाणे पुरेशा उंचीवर, एकाच प्रुसिकच्या भरवशावर असतो तर काय झाले असते, हा विचार अजूनही मला सोडत नाही.

त्याच संध्याकाळी मी दोरी उभी चिरली. चांगल्या साहाय्यक दोरीच्या गाभ्यात पीळ दिलेल्या लडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावतात. भार आल्यावर दोरी स्वतःभोवती गरगरू नये म्हणून त्यांपैकी निम्म्यांना उजवा आणि निम्म्यांना डावा पीळ असतो. हे तंतू जवळजवळ भाराच्या दिशेनेच पसरलेले असल्यामुळे त्यांची ताकद भार पेलण्याच्या कामी येते. आवरणाचे धागे वेणीसारखे तिरके विणलेले असतात, म्हणून तेवढ्याच सुताची ताकद तेथे कमी मिळते. बारीक दोरीत आवरणाचा वाटा तुलनेने मोठा असला, तरी ते एकटे ठरलेला भार पेलू शकत नाही. ताण आला की घट्ट वीण आकसून गाभ्याला आवळते आणि दोन्ही एकजीव होऊन काम करतात; सैल वीण मात्र नुसती सरकते. माझ्या दोरीचा गाभा पोत्यांना वापरतात तशा चपट्या, पीळ नसलेल्या पट्ट्यांचा होता आणि अखंडही नव्हता. जेथे पोकळी लागली, तेथे दोन तुकड्यांची टोके एकमेकांवर नुसती ठेवलेली होती.

धाग्याची ओळख पटवण्यासाठी मी गाभा वेगळा काढून साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात पूर्ण भिजवला, जेणेकरून हवेचे बुडबुडे फसवणार नाहीत. तो तरंगला. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा जास्त, सुमारे १.१४ असल्याने ते बुडते. पॉलिप्रोपिलीनची सुमारे ०.९१ असल्याने ते तरंगते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, की डायनिमा हा दोरांत वापरला जाणारा कृत्रिम धागाही तरंगतो आणि तो अत्यंत बळकट असतो. म्हणून तरंगणे हा कमकुवतपणाचा पुरावा नाही, केवळ ‘नायलॉन’ हे लेबल खोटे असल्याचा पुरावा आहे. ज्योतीजवळ धरताच गाभा चटकन आकसला आणि मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६५ अंशांना वितळते, तर नायलॉन प्रकारानुसार २२० ते २६० अंशांना. घसरणाऱ्या प्रुसिकच्या घर्षणात हा फरक प्राणांशी खेळणारा ठरतो. आवरण मात्र पाण्यात बुडाले आणि काळा धूर सोडत जळले, म्हणजे बहुधा तेही नायलॉनचे नसून पॉलिएस्टरचे होते.

वजन केले असते तरी संशय आला असता, कारण ६ मिलिमीटरची नायलॉन दोरी मीटरला साधारण २२ ते २५ ग्रॅम भरते आणि ही त्याहून बरीच हलकी होती. एका परिचिताने उरलेला तुकडा ताणयंत्रावर, गाठ न मारता ओढून पाहिला. तो छापील आकड्याच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही. गाठीने चांगल्या दोरीचेही बळ एक तृतीयांशाने घटू शकते, तेव्हा लूपमध्ये नेमके काय उरले होते, याची कल्पना यावी.

विक्रेत्याने आधी ‘सगळ्या दोऱ्या अशाच असतात’ असे सांगितले. मी नमुना आणि बंडल यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाठवली, तेव्हा ही दोरी सामान बांधण्यासाठीच आहे, असे उत्तर आले. प्रत्यक्षात मागणी करताना मी प्रुसिकचा स्पष्ट उल्लेख केला होता. त्यानंतर त्याने उत्तर देणे बंद केले.

त्या बंडलातून मी आठ लूप बनवून वाटले होते. सात परत मिळाले आणि कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून मी त्यांचे बोटभर लांबीचे तुकडे केले. आठवा लूप एका सोबत्याने पुढे कोणाला तरी दिला आणि त्याचा माग लागलेला नाही. तो गडद निळा असून त्यात पिवळ्या रंगाचे दोन धागे तिरके जातात, लूप दुहेरी फिशरमन गाठीने बांधलेला आहे आणि गाठीच्या दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली आहे. अशा खुणांचा लूप कोणाच्या हार्नेसवर दिसला, तर कृपया तो तेथेच कापून टाकावा.