जुनं डेल्फीचं पुस्तक, फुकटचा लॅझरस आणि हळदीच्या पट्ट्या: आठ महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पाच अडत दुकानांत माझं हिशोबाचं सॉफ्टवेअर चालतं. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, त्यातनंच निघते. पाच म्हणजे खरं तर एकच, चार वेळा कॉपी करून जिथं तिथं थोडं बदललेलं. गेल्या हंगामाच्या शेवटी रक्कम राउंड करण्यातली एक चूक सापडली. चार ठिकाणी जाऊन दुरुस्त केली, पाचवं दुकान राहून गेलं. तिथल्या दिवाणजींचा फोन आला, "ओ साहेब, पट्टीत चाळीस पैसे कुठं जातायत बघा की. शेतकरी समोर बसलाय." चाळीस पैशांपायी लाज गेली.

त्याच सुमारास पुण्याला जाणं झालं. अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात डेल्फीत (पास्कल भाषेत प्रोग्रॅम लिहायचं साधन) कंपोनंट, म्हणजे एकदा लिहून कुठंही वापरता येणारे प्रोग्रॅमचे सुटे भाग, कसे लिहायचे यावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसलं. डेल्फी ५ च्या, म्हणजे १९९९ च्या जमान्यातलं. मागच्या पाकिटातली सीडी गायब, कोपऱ्याला वाळवीची दोन भोकं. नाव सांगण्यात अर्थ नाही, नवं मिळणार नाही; त्या काळातलं या विषयावरचं कुठलंही हाती लागलं तरी चालेल.

डेल्फीचा परवाना माझ्या खिशाला झेपत नाही. मी लॅझरस वापरतो, डेल्फीच्याच धाटणीचं साधन. भाषा पास्कलच, कंपोनंटची मांडणीही बरीचशी तीच, आणि पैसे लागत नाहीत. (डेल्फीचा मूळ शिल्पकार आंदर्स हेल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टला गेला आणि पुढं त्यानं सी शार्प ही भाषा केली. म्हणून सी शार्पवाल्या पोरांना प्रॉपर्टी, म्हणजे कंपोनंटची बदलता येणारी सेटिंगं, शिकवाव्या लागत नाहीत.)

पहिला धडा एक पट्टा रंगवायचा होता, टक्केवारी दाखवणारा. जुलै होता, पाऊस लागलेला, म्हणून मी टक्केवारीऐवजी आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी घेतली. ४० फुटांना इशारा, पट्टा पिवळा. ४५ ला धोका, पट्टा लाल. कमाल ५० ठेवली. मुलीनं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, ५७ टाका." २०१९ च्या ऑगस्टमधला आकडा, आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. टाकला, तर ५० आणि ५७ दिसायला एकच. मग कमाल पातळीही प्रॉपर्टी केली. पुस्तक सांगत होतं ते तेव्हा डोक्यात शिरलं: आपल्याला पक्का वाटलेला आकडा दुसऱ्या कुणाला तरी बदलावा लागणार असतो. शिवाय, किंमत बदलली की तिथल्या तिथं रंगवत बसायचं नाही. जुनीच किंमत आली तर परत फिरायचं, नवी असेल तर नोंदवायची आणि 'मला पुन्हा रंगव' एवढंच कळवायचं.

सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या त्या 'डिफॉल्ट' या एका शब्दानं. रकमेचा खोका केला, लाखाच्या जागी स्वल्पविराम देणारा. दशांश स्थळांची प्रॉपर्टी ठेवली आणि पुढं डिफॉल्ट २ असं लिहून टाकलं. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे प्रॉपर्टी दाखवणाऱ्या खिडकीत, बघतो तर ०. हातानं २ केलं, फॉर्म (प्रोग्रॅमची खिडकी) सेव्ह केला, बंद करून उघडला, परत ०. तीन वेळा केलं. पुस्तकात त्यावर चारच ओळी आहेत, आणि मी त्या वाचल्याच नव्हत्या. डिफॉल्ट लिहिल्यानं किंमत बसत नाही. तो शब्द फक्त फॉर्म साठवणाऱ्याला सांगतो की किंमत २ असेल तर फाइलमध्ये लिहू नको. मी २ केलं म्हणून त्यानं लिहिलं नाही, उघडताना फाइलमध्ये काही सापडलं नाही म्हणून ० राहिलं. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे कंपोनंट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, २ आपणच भरायचं. ही गोष्ट लेखकानं मोठ्या चौकटीत छापायला हवी होती. बाकी चौकटींत त्याचे विनोद आहेत.

इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन सिरियल पोर्टवरून (काटा संगणकाला जोडायची जागा) वाचणारा कंपोनंट हा माझा खरा मतलब होता. पोतं काट्यावर ठेवलं की आकडा थेट पट्टीत यावा, मधे कुणी हातानं लिहू नये. केला. 'चालू' ही प्रॉपर्टी खरी केली, वजन दिसलं, खूश झालो. प्रोग्रॅम चालवला तर पोर्ट उघडेना, दुसरं कुणीतरी वापरतंय म्हणे. वायर बदलली, काटा बंद चालू केला, हमाल हसायला लागले. दुसरं कुणी म्हणजे लॅझरसच होता! फॉर्मवर ठेवलेला कंपोनंट डिझाइन करतानाही जिवंत असतो, त्यानं पोर्ट धरून ठेवलं होतं. आपण डिझाइनमध्ये आहोत का हे कंपोनंटच्या अवस्थेत बघून मगच पोर्ट उघडायचं. आणि फॉर्म उघडताना प्रॉपर्टी एकेक करून भरल्या जातात. 'चालू' आधी आणि पोर्टचं नाव मागून आलं तर रिकाम्या नावाचं पोर्ट उघडायला जातो. म्हणून सगळं भरून होईपर्यंत, म्हणजे 'लोडेड' येईपर्यंत, थांबायचं. या प्रकरणासाठी पुस्तकाला पूर्ण गुण. लेखकानं स्वतः हात भाजून घेतलेले दिसतात.

एका कंपोनंटनं दुसऱ्याचा पत्ता धरला आणि दुसरा फॉर्मवरून उडवला तर काय होतं, तेही त्यात नीट आहे. माझ्याकडं आख्खा लॅझरस कोसळला.

आता तक्रारी. प्रॉपर्टी एडिटरची, म्हणजे प्रॉपर्टी भरायच्या खास खिडक्या बनवण्याची, प्रकरणं आज जशीच्या तशी चालत नाहीत. डेल्फी ६ पासूनच त्या युनिटची (कोडच्या फाइलींची) नावं बदलली, लॅझरसमध्ये तर आणखी वेगळी. ती मी सोडून दिली. दुसरी तक्रार देवनागरीची. पुस्तकाच्या हिशोबात एक अक्षर म्हणजे एक बाइट. लॅझरसमध्ये मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवलेला असतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'पट्टी'ची लांबी विचारली तर उत्तर १५. शेतकऱ्याचं नाव वीसवर तोडणारा पुस्तकी कोड सहा चिन्हं ठेवून सातव्याचे दोन तृतीयांश छापत होता. पट्टीवर नावापुढं चौकोन बघून एका काकांनी विचारलं, "ह्यो शिक्का कसला?"

कंपोनंट किती मोठा असावा यावर पुस्तक गप्प आहे, आणि माझी सगळ्यात महाग चूक तिथंच झाली. उत्साहात आख्खी पट्टी एकच कंपोनंट केली: वजन, दर, हमाली, तोलाई, अक्षरी रक्कम, सगळं आत. यार्डात झकास चालली. मग तासगावचा एक बेदाण्याचा व्यापारी आला. त्याचा हिशोब बॉक्सचा, कपाती वेगळ्या. एक अट घातली, मग दुसरी, नवव्या अटीला फोडून टाकली. आता रकमेचा खोका, वजनाचा खोका, कपातीची यादी आणि अक्षरी रक्कम असे चार वेगळे आहेत. अक्षरी रकमेत शंभरपर्यंतचे सगळे शब्द हातानं भरले, कारण मराठीत एकोणसाठ आणि सदुसष्ट कुठल्या नियमात बसवणार?

लॅझरसवाल्यांसाठी एक सूचना. नवा कंपोनंट बसवताना लॅझरस स्वतःलाच पुन्हा बांधतो. कंपोनंटच्या सुरुवातीलाच चूक असेल तर तो उघडतच नाही. आधीची प्रत 'ओल्ड' नावानं बाजूला ठेवलेली असते, ती चालवा. मला हे कळायच्या आधी मी दोनदा सगळं काढून नव्यानं टाकलं.

प्रोग्रॅमिंगमधले क्लास आणि वारसा येत नसेल तर हे पुस्तक घेऊ नका, पन्नासाव्या पानावर अडकाल. ज्याचा कोड आधीच चार ठिकाणी पसरलाय त्याला उपयोग होईल. पाचही दुकानं आता एकाच पॅकेजवर, म्हणजे कंपोनंटच्या एकाच गठ्ठ्यावर, आहेत. परवा राउंडिंगमध्ये अजून एक बारीक चूक निघाली, ती एकदाच दुरुस्त केली, पण पाचही ठिकाणी पेनड्राइव्ह घेऊन जावं लागलंच.

नवा हंगाम सुरू झालाय आणि एका दुकानात नवा काटा आला. तो आकडे उलटे पाठवतो, ५०.२५० चं ०५२.०५. वजनाच्या कंपोनंटला 'उलटे आकडे' अशी एक प्रॉपर्टी वाढवली, डिफॉल्ट फॉल्स. आणि कन्स्ट्रक्टर उघडून बघून आलो.