आयएसओ आधी की फाइव्ह एस? पंचवीस माणसांच्या वर्कशॉपचा हिशोब

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून सांगली जिल्ह्याला लेथचा आवाज नवा नाही. पण कुपवाड एमआयडीसीत दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं), चार लेथ आणि पंचवीस माणसांवर वर्कशॉप चालवणाऱ्याला गिऱ्हाईक जेव्हा 'क्वालिटी सुधारा' म्हणतं, तेव्हा नेमकं काय हाती घ्यावं हे कुणी सांगत नाही. सांगणारे असतात, पण ते आपापलं पॅकेज विकत असतात.

सिक्स सिग्मा आधीच बाजूला काढू. ऐंशीच्या दशकात मोटोरोलात उभी राहिलेली ही पद्धत दहा लाख संधींमागे ३.४ दोष हे लक्ष्य धरते. तुमच्याकडे गेल्या तीन महिन्यांची खरी मापंच लिहिलेली नसतील, तर आकडेमोड कशावर करणार?

खरी निवड आयएसओ ९००१, म्हणजे क्वालिटी सांभाळण्याच्या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक, आणि फाइव्ह एस-क्वालिटी सर्कल, म्हणजे शॉपवरची शिस्त आणि कामगारांची बैठक, यांच्यात आहे.

आयएसओचा फायदा रोख आहे. मोठ्या कंपनीच्या व्हेंडर फॉर्मवर त्याचा रकाना असतो, आणि तो रिकामा असला की पुढचं बोलणं अवघड. सर्टिफिकेट साधारण तीन वर्षांचं, मध्ये दरवर्षी ऑडिट. मात्र ते तुमच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, मालाला नाही. शिवाय २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअलची सक्ती राहिलेली नाही, तरी जाडजूड मॅन्युअल करून देणारे सल्लागार आहेतच. जबाबदारी मात्र त्या आवृत्तीनं थेट मालकावर टाकली आहे. हे सल्लागार जरा हळू आवाजात सांगतात.

मी एका कारखान्यात क्वालिटीला होतो. ऑडिटच्या आदल्या रात्री आम्ही तीन महिन्यांचं इन्स्पेक्शन रजिस्टर एका बैठकीत भरलं. एकच निळं पेन, एकच अक्षर, बोअरचं (भोकाचं) माप रोज २५.०१. म्हणजे अख्ख्या तिमाहीत इन्सर्ट, धातू कापणारं टोक, झिजलाच नाही! सर्टिफिकेट मिळालं, फ्रेमला हार चढला. रिजेक्शन होतं तिथंच.

फाइव्ह एसला कागद कमी लागतो, पण वेळ खातं. नको ते बाहेर काढा, हवं ते जागेवर ठेवा, साफ करा, तसंच ठेवायचा नियम करा, तो पाळा. क्वालिटी सर्कल म्हणजे ज्यांच्या हाताखालून जॉब (घडवायचा भाग) जातो त्यांनीच बसून दोष शोधायचा. जपानात १९६२ मध्ये क्वालिटीतज्ज्ञ काओरू इशिकावांच्या पुढाकारानं हे सुरू झालं, आपल्याकडे १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भेल (BHEL) या सरकारी कंपनीत आलं. बैठक शिफ्टच्या वेळेतच घ्या; सुट्टीनंतर थांबवलेल्या माणसाचं लक्ष एसटीकडे असतं.

त्याच कारखान्यात एका मशीनवर जॉब तिरके निघायचे. सुपरवायझर कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटर निष्काळजी' लिहायचा. सर्कलच्या तिसऱ्या बैठकीत ऑपरेटर चाचरत म्हणाला, "साहेब, एअर गनचा पाइप फिक्स्चरपर्यंत पोचत नाही." फिक्स्चर म्हणजे जॉब घट्ट धरणारी चौकट; तिच्या पॅडखाली बारीक चिप (धातूचा कीस) अडकत होती, आणि ती फडक्यानं निघत नव्हती. पाइप दोन मीटरनं वाढवला, तिरके जॉब थांबले. त्याला आधी का बोलला नाहीस विचारलं, तर म्हणाला, मागं बोललो तेव्हा अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता. पिवळे पट्टे मारून, बॅनर लावूनही फाइव्ह एस बारगळतं ते अशा कापाकापीपायी.

केंद्र सरकारची झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) ही लहान उद्योगांना क्वालिटीचं सर्टिफिकेट देणारी योजनाही बघून ठेवा: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या, उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी लागते, आणि फीमध्ये सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० टक्के सवलत ठेवलेली. अर्जापूर्वी चालू नियम पोर्टलवर तपासा. ब्राँझ ही फाइव्ह एस करणाऱ्याला फारशी जड नाही.

माझं मत असं. गिऱ्हाइकानं सर्टिफिकेट लेखी मागितलं असेल तर आयएसओ आधी, पण कामाच्या पद्धती तुमच्याच सेटरकडून (मशीन लावून देणाऱ्याकडून) लिहून घ्या. मागितलं नसेल तर एकाच मशीनवर तीन महिने फाइव्ह एस आणि सर्कल. मालकाला आठवड्यातून तासभर शॉपवर उभं राहायला जमणार नसेल, तर दोन्हीचे पैसे वाचवा.

सुरुवात करायचीच तर रिजेक्शनचा लाल ट्रे मागच्या भंगाराच्या ढिगाऱ्यातून उचलून ऑफिसच्या दाराशी आणा. प्रत्येक नगावर मार्करनं मशीन, शिफ्ट आणि माप लिहायचं. ऑपरेटरचं नाव लिहायचं नाही.