मालकाने विमाच काढला नव्हता. मग दावा कुठे लावायचा?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या युनिटात पॉवर प्रेसखाली बोट गेलं की शेठ स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेतो. आठ दिवसांनी तोच म्हणतो, "विमा नाही ना बाबा, हे वीस हजार घे अन् इथं सही कर." सही करू नका. विमा नसणं ही त्याची अडचण आहे. भरपाईची जबाबदारी मुळात मालकाचीच.

आधी माणसं मोजा. कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि तुमचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर तुम्ही कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये येता. मालकाने तुमचं नाव नोंदवलं नसलं, एक रुपयाही भरला नसला, तरी हक्क जात नाही. ईएसआय महामंडळ लाभ देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकतं. बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्क्यांच्या आसपास, कायमचं अपंगत्व राहिलं तर त्या प्रमाणात दरमहा जन्मभर, शिवाय सोमवारी पेठेतल्या कामगार रुग्णालयात उपचार. हेलपाटे भरपूर, पण बुडणाऱ्या मालकाच्या मागे धावण्यापेक्षा हे बरं. मात्र ईएसआय लागू असेल, तर नुकसानभरपाई आयुक्तांचं, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं, दार बंद होतं.

माणसं दहापेक्षा कमी किंवा पगार जास्त असेल, तर आयुक्तांकडेच जायचं. इथे 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा चाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्यामुळे अपघाताची तारीख अर्जात चोख हवी. अर्जाची मुदत दोन वर्षं. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. हिशेब असा: वय 30, पगार 12,000. त्याचे 60 टक्के 7,200, गुणिले वयाचा गुणांक 207.98, म्हणजे 14,97,456 रुपये. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अख्खी तर्जनी गेली तर त्याचे 14 टक्के, साधारण 2,09,600. शेठचे वीस हजार याच्याशेजारी ठेवून बघा. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. "गार्ड (मशीनचं संरक्षक कव्हर) यानेच काढला" हा मालकांचा आवडता बचाव. साथीदाराची साक्ष तिथे कामी येते.

खरी गोची वसुलीची. हुकूम हातात पडेपर्यंत मशीन विकलेली असते. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते खरी, पण जप्त करायला काही उरलं पाहिजे ना! म्हणून ठेकेदाराकडे कामाला असाल, तर ज्या कंपनीचं काम चालू होतं तिलाही पहिल्याच अर्जात सामनेवाला करा.

दिवाणी दाव्यात रकमेला असा ठरावीक हिशेब नाही, पण निष्काळजीपणा सिद्ध करा, कोर्ट फी भरा, वर्षं मोजा. शिवाय आयुक्तांकडे गेलात तर त्याच अपघातासाठी हा रस्ता संपतो. मोठी कंपनी आणि ढळढळीत हयगय असेल तरच मी याचा विचार करेन.

आपसात मिटवायचंच असेल, तर करार आयुक्तांकडे नोंदवून घ्या. हक्क सोडल्याच्या नुसत्या कागदाला कायद्यात किंमत नाही.

मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेल्यावर शेठचा माणूस "घरी पडला" असं लिहवून घेऊ पाहतो. एमएलसीत, म्हणजे अपघाताच्या केसची दवाखाना करतो त्या नोंदीत, "कामावर, प्रेस मशीनवर" हेच शब्द आले पाहिजेत. पगाराचे फोनपे मेसेज, हजेरीचा फोटो जपा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो.