गच्ची की घाट? उपनगरात राहून तेजोमेघ टिपायचे तर पैसे कशावर घालावेत

थंडी पडली की दोन-तीन जण हमखास हाच प्रश्न घेऊन येतात. डोंबिवलीला राहतो, रात्रीचं आकाश दुधाळ दिसतं, तेजोमेघांचे (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे) फोटो काढायचे आहेत. फिल्टर घेऊ, आपोआप चालणारी ती छोटी स्मार्ट दुर्बीण घेऊ, की दोन्हींचे पैसे वाचवून शनिवारी गाडी काढून अंधारात जाऊ? मी उलट विचारतो, कुठला तेजोमेघ? त्यावर समोरचा जरा वैतागतो. पण बाकीचा सगळा हिशेब याच उत्तरावर उभा आहे.

तेजोमेघ ढोबळमानाने दोन जातींचे. काही स्वतः पेटलेले असतात. जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी त्यांच्यातला वायू चमकतो, आणि तोही ठरावीक तरंगलांबीवरच. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनचा हिरवट निळा ५००.७ वर. मृगातला एम ४२, शृंगाश्वातला रोझेट, हंसातला नॉर्थ अमेरिका, हॉर्सहेडच्या मागचा लाल पडदा हे सगळे या जातीचे. दुसरी जात उसन्या उजेडावर जगते. कृत्तिकांभोवतीची निळी धूळ किंवा मृगातलाच एम ७८ घ्या. ताऱ्याचा प्रकाश धुळीवर पडून परत येतो, म्हणून त्यात सगळेच रंग असतात.

आता आकडे मांडू. आकाश किती अंधारं ते मोजायला जॉन बोर्टल यांनी २००१ साली सुचवलेल्या १ (सर्वांत अंधारं) ते ९ (सर्वांत उजळ) च्या पट्टीवर आमची गच्ची ८ वर बसते. तिथलं आकाश आणि चांगल्या अंधाऱ्या गावातलं आकाश यांच्या उजळपणात ३ प्रतींचा (मॅग्निट्यूडचा) फरक सहज पडतो. एक प्रत म्हणजे अडीच पट, तेव्हा ३ प्रती म्हणजे जवळपास १६ पट. गावात एका तासात जेवढा स्वच्छ फोटो मिळतो, तेवढ्यासाठी गच्चीवर १६ तास लागतात.

फिल्टर काय करतो ते बघा. कॅमेऱ्याचा लाल पिक्सेल साधारण १०० नॅनोमीटर रुंदीचा पट्टा गोळा करतो. ऑप्टोलाँग एल-एक्स्ट्रीमसारखा दुपट्टी फिल्टर त्यातला हायड्रोजनभोवतीचा फक्त ७ नॅनोमीटरचा पट्टा आत सोडतो, आणि ऑक्सिजनभोवती तेवढाच दुसरा. रस्त्यावरच्या दिव्यांचा लाल प्रकाश चौदाव्या हिश्श्यावर येतो, तेजोमेघाचा मात्र जवळपास पूर्ण आत येतो. चौदा आणि सोळा. म्हणजे ती काच जेवढं देते, साधारण तेवढंच अंधाराकडे नेणारा माळशेज घाटाचा रस्ता देतो.

पण हे फक्त पेटलेल्या जातीपुरतं. कृत्तिकांवर हाच फिल्टर लावलात तर धुळीचा प्रकाशही दिव्यांच्या प्रकाशाइतकाच कापला जातो आणि हाती काळपट चित्र लागतं. देवयानी दीर्घिकेचंही तेच, तिच्यातले लाल ठिपके तेवढे उठून दिसतील. या मंडळींसाठी गाडीच काढावी लागते, काचेचा उपयोग नाही.

एक सावधगिरी. जुन्या बाजारात ‘प्रकाशप्रदूषण फिल्टर’ म्हणून स्वस्तात काही काचा मिळतात. रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा त्या खरोखर कामाच्या होत्या, कारण त्या दिव्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असायचा आणि तेवढाच कापला की भागायचं. २०१५ नंतर सरकारी योजनेतून गावोगावी पांढरे एलईडी लागले. त्यांचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे मधला एक तुकडा कापून फारसं काही हाती लागत नाही. फुकट मिळाली तर ठेवून घ्या, पैसे देऊ नका.

मग घाट का नको? मी तीन हिवाळे घाट केला. मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याशी. आकाश असं की पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा काढावासाच वाटत नाही. पण अमावस्येच्या आसपासचा शनिवार महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येतो. त्यात कोणाचं लग्न, कोणाची परीक्षा. एका रात्री दीडच्या सुमारास प्रत्येक तारा कापसाच्या बोळ्यासारखा दिसायला लागला. फोकस हलला म्हणून मी अर्धा तास रिंग फिरवत बसलो, आणि शेवटी टॉर्च मारल्यावर दिसलं की लेन्सवर दव साचलंय. लेन्सला गुंडाळायची हीटरची पट्टी घरी टेबलावर. रुमालाने पुसलं की दोन मिनिटांत पुन्हा तेच. त्या पूर्ण हिवाळ्यात घाटात मिळून माझे अकरा तास जमले.

गच्चीवर एका रात्री दोनच तास मिळतात, पण तशा रात्री नोव्हेंबर ते मार्च ढिगाने असतात. आणखी एक सोय अशी की हायड्रोजनचा लाल पट्टा चांदण्यातही बऱ्यापैकी चालतो. ऑक्सिजनचा हिरवट भाग चंद्राने मार खातो, म्हणून पौर्णिमेच्या आठवड्यात रोझेटसारखं लालभडक काहीतरी धरायचं. तासांच्या या स्पर्धेत घाट हरतो, आकाश कितीही सुंदर असलं तरी.

गच्ची ठरली की दुसरा प्रश्न येतो: स्मार्ट दुर्बीण की स्वतःची जुळणी?

तुलना सोपी जावी म्हणून नाभीय अंतर (फोकल लेंथ) सारखंच, २५० मिलिमीटर, धरू. एकीकडे २०२३ साली आलेली झेडडब्ल्यूओ कंपनीची स्मार्ट दुर्बीण सीस्टार एस ५०: भिंग ५० मिलिमीटर, वजन अडीच किलो, दुपट्टी फिल्टर आतच. दुसरीकडे विल्यम ऑप्टिक्सची छोटी दुर्बीण रेडकॅट ५१, तिच्यामागे साधा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) डीएसएलआर, खाली स्टार ॲडव्हेंचरर जीटीआयसारखा, ताऱ्यांच्या मागोमाग कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर, आणि वेगळा घेतलेला फिल्टर. भिंगं जवळपास एकाच मापाची, पण चित्रात जमीन-अस्मानाचा फरक. सीस्टारचा सेन्सर नखाएवढा, १९२० बाय १०८० पिक्सेलचा. त्यात आकाशाचा साधारण १.३ अंश बाय ०.७ अंशाचा तुकडा मावतो. डीएसएलआरमध्ये ५.१ बाय ३.४ अंश. सव्वा अंशाहून जास्त पसरलेला रोझेट सीस्टारच्या चौकटीत मावत नाही, तुकडे जोडून मोझेक करावं लागतं. डीएसएलआरमध्ये तो मधोमध बसतो आणि भोवती मोकळं आकाश उरतं.

तरीही नव्या माणसाला मी सीस्टारच सुचवतो. कारण आहे ध्रुवतारा. आपल्याकडे तो क्षितिजापासून १९ अंशांवर असतो, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. उपनगरात उत्तरेला चौदा मजली टॉवर असला की तो गायब, आणि ट्रॅकर तर त्याच दिशेला नेमका लावायचा असतो. लॅपटॉपवर तीन ठिकाणचे फोटो काढून, तारे ओळखून ट्रॅकर जुळवण्याची पद्धत आहे, ती मी वापरतो. पण कामावरून साडेनऊला येऊन, जेवून, तिपाई, ट्रॅकर, बॅटरी, चार केबल्स आणि लॅपटॉप गच्चीवर चढवायचा म्हणजे सुरुवातीलाच चाळीस मिनिटं गेली. मंगळवारी हे होत नाही. सीस्टार पाच मिनिटांत कामाला लागते, तारे बघून स्वतःच दिशा ठरवते, आणि दहा-दहा सेकंदांच्या छायाचित्रांची थप्पी तिची तीच लावत जाते.

पहिल्या रात्री आमच्याकडचे काका वर आले होते. म्हणाले, “चंद्र तिकडे आहे आणि तुमची दुर्बीण भलतीकडे?” मी फोन त्यांच्या हातात दिला. आधी राखाडी, कणीदार चौकट, मग दर थोड्या वेळाने जरा आणखी लाल. दहा मिनिटांनी मृगातल्या मेघाचे पंख उलगडले. काका वर एलईडीच्या उजेडाने दुधाळ झालेल्या आभाळाकडे बघायचे, मग फोनकडे, मग पुन्हा वर.

सीस्टारची खोट कुठे आहे तेही सांगतो. ती कॅमेऱ्याच्या तिपाईसारखी आडवी-उभी फिरते, त्यामुळे लांबच्या चित्रणात चौकटीतलं आकाश हळूहळू गोल फिरतं आणि कडा वाया जातात. ऐन डोक्यावर हा त्रास सर्वांत जास्त, आणि आपल्या अक्षांशावर रोझेट मध्यावर येतो तेव्हा ७५ अंशांवर असतो. तिला तिरकी बसवून ही फिरकी टाळता येते, पण मग पुन्हा ध्रुवाशी गाठ. शिवाय दोन मेगापिक्सेलचं चित्र फोनवर देखणं दिसतं, भिंतीवर लावायला मोठं केलं की फुटतं.

डीएसएलआरवाल्यांच्या बाजूनेही एक खोट आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे अवरक्त किरण अडवणारी काच असते, आणि ती हायड्रोजनचा तो लाल प्रकाश पाऊण हिस्सा गिळते. ३०० डॉलरच्या आसपासचा फिल्टर अशा कॅमेऱ्यापुढे लावणं म्हणजे चाळणीत दूध गाळून खाली भोकाचं भांडं धरणं. एखादा जुना कॅमेरा घेऊन ती काच काढून घ्यावी लागते, त्यात वॉरंटी जाते. सीस्टारची किंमत अमेरिकेत ५०० डॉलरच्या आगेमागे. दुसरी जुळणी त्याहून बरीच महाग पडते. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि वेगवेगळ्या फिल्टरांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नका.

म्हणून ज्याला लाल तेजोमेघ हवेत आणि आठवड्यात दोन रात्री मोकळ्या आहेत, त्याने सीस्टार घ्यावी. ज्याच्याकडे कॅमेरा आधीच आहे, लॅपटॉपवर सिरिलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास रमायला आवडतं आणि गच्चीची किल्ली ज्याच्याच खिशात असते, त्याने दुसरी वाट धरावी. कृत्तिका, देवयानी, आकाशगंगेचा पट्टा हे ज्याचं स्वप्न आहे, त्याने फिल्टरवर एक रुपया घालू नये. ट्रॅकर, पेट्रोल आणि हीटरची पट्टी.

जे काही घ्याल ते दिवाळीच्या आत घ्या. डिसेंबरात रात्री दहाला मृग चांगला वर आलेला असतो, मार्च सरताना तो संध्याकाळीच पश्चिमेला कलतो. धनू राशीतले लगून आणि ट्रायफिड हे तेजोमेघ मध्यरात्री सर्वांत उंच येतात ते नेमके जूनअखेर-जुलैत, म्हणजे भर पावसात. ते गाठायचे तर एप्रिलअखेर पहाटे चारचा गजर लावायचा.