मॅ नाक, नाग की क्रासू: थाई भुतांवरची कादंबरी कुणाभोवती रचाल?

थाई भुताखेतांवर मराठीत फॅन्टसी लिहायचं मनात असेल, तर निवड बहुधा या तिघांतच होते. तिघंही दमदार आहेत, पण पहिल्याच कादंबरीला तिघंही सारखे झेपणारे नाहीत.

मॅ नाक सगळ्यांत आधी खुणावते. बँकॉकच्या फ्रा खनोंग भागातली ही बाई नवरा लढाईवर असताना बाळंतपणात गेली, पोरही गेलं. नवरा परतला तर बायको दारात, कडेवर बाळ. संसार पुन्हा सुरू! मग एक दिवस तिच्या हातून लिंबू निसटतं आणि फळ्यांच्या फटीतून खाली जातं. घर उंच खांबांवर. ती बसल्या जागेवरून हात खाली घालते, आणि तो हात लांबतच जातो. नवऱ्याला कळायचं ते कळतं.

बाळंतपणात गेलेल्या बाईची अलवंतीण होते हे आपल्याकडेही मानतात, त्यामुळे मराठी वाचकाला फार समजावत बसावं लागत नाही. बँकॉकच्या वाट महाबुत या बौद्ध मंदिरातल्या तिच्या ठाण्यावर आजही लोक कपडे आणि खेळणी वाहतात. सक्तीच्या सैन्यभरतीच्या सोडतीतून सुटका व्हावी म्हणून तरुण नवस बोलतात. नवरा लढाईवर गेल्याचं दुःख तिच्याइतकं कुणाला कळणार?

पण तिची गोष्ट पुरी झालेली आहे. तिला मडक्यात कोंडणारा मांत्रिक, शेवटी तिला शांत करणारा भिक्षू, सगळं ठरलेलं. सिनेमांनी तिला 1999 साली शोकांतिकेत आणि 2013 साली विनोदात वापरून झालंय. तुमच्या वाट्याला पुनर्कथनच उरतं.

नागाचा पट मोठा. बौद्ध भिक्षूंचा पावसाळी मुक्काम, म्हणजे वर्षावास, संपतो त्या पौर्णिमेला नोंग खाय प्रांतात मेकाँग नदीतून तांबूस गोळे वर उठतात, ते नाग सोडतो असं मानतात. बघायला काठावर तोबा गर्दी असते. त्याहून सरस बीज दीक्षेच्या कथेत आहे: नाग माणसाच्या रूपात भिक्षू झाला आणि झोपेत त्याचं नागरूप उघडं पडलं. म्हणून दीक्षा घेणाऱ्याला अजूनही विचारतात, ‘तू मनुष्य आहेस ना?’ या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहील. धोका इतकाच, की नाग म्हटलं की मराठी लेखणी वासुकी, तक्षक, पाताळ अशी घसरते आणि मेकाँग मागेच राहते.

माझं मत क्रासूला. दिवसा चारचौघींसारखी बाई. रात्री तिचं मुंडकं धडापासून सुटतं आणि खाली आतडी लोंबत, मिणमिणत्या उजेडात तरंगत निघतं. तिला कच्चं मांस लागतं, घाण चालते, बाळंतपणातली वार तर फारच आवडते. म्हणून बाळंतिणीच्या घराभोवती काटेरी फांद्या लावायची रीत होती. काट्यांत तिची आतडी अडकतात. तोंड पुसते ती बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांना. लाळेतून हा वसा दुसरीकडे जातो, असंही सांगतात.

म्हणजे नियम पक्के, कथानक मोकळं. लेखकाला आणखी काय हवं? शिवाय सकाळी तीच बाई बाजारात शेजारणीशी भाव करत असते, तिथे खरी कादंबरी आहे.

भयापेक्षा प्रेमकथा लिहायची असेल तर अर्थात मॅ नाक घ्या, आणि तीन खंडांचा दम असेल तर नाग. क्रासू घेतलीत, तर सुरुवात दोरीवर रात्रभर राहिलेल्या कपड्यांवरच्या डागापासून करा. आतडी तिसऱ्या प्रकरणापर्यंत दाखवू नका.